माझ्या वतीने दिलेला शब्द

नीलिमा, तू सोमवारी सकाळी गेलीस. कारण मेंदूतला रक्तस्राव. ठिकाण पोर्तो रिको बेटावरच्या एका हॉस्पिटलचा अतिदक्षता विभाग. त्याच संध्याकाळी तुझ्या तिथल्या गावात समुद्रदेवीच्या उत्सवाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू झाली. मला फोन तुझ्या शेजारणीचा आला. तिचं इंग्रजी आणि माझं स्पॅनिश सारखंच तोकडं. तिने तुझं नाव दोनदा घेतलं आणि ती रडायला लागली. तेवढ्यावरून मी नेवार्कहून सान हुआनचं तिकीट काढलं.

तुझा भाऊ नागपूरहून येऊ शकला नाही. इतक्या घाईत व्हिसा मिळणार नव्हता. दहनाच्या वेळी तो व्हिडिओ कॉलवर होता आणि फोन माझ्या हातात होता. तो म्हणाला, "ताई, तुम्ही आहात ना तिथे, मग मला काळजी नाही." मी बरं म्हटलं.

आदल्या दिवशी तिथल्या रिवाजाप्रमाणे लोक तुझ्याजवळ बसून होते. कॉफी, खारी बिस्किटं, चीजचे तुकडे, गरम चॉकलेट. तुझ्या औषध कारखान्यातली माणसं एका बाजूला, गावातली दुसऱ्या बाजूला. पहिल्या खुर्चीवर गावातली सगळ्यांची आजी होती. आजीचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे येईल. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ती बराच वेळ बोलली. तिची नात यारी ऑरलँडोला नर्स आहे, सुट्टी काढून आली होती. तिने इंग्रजीत सांगितलं, आजी तुमचे आभार मानते आहे. तुम्ही वर्तमानपत्रातल्या बाई, तरीही दिलेला शब्द पाळलात.

मी विचारलं, "कोणता शब्द?"

यारी हसली. "एक्झॅक्टली," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी कॉफी आणायला गेली. तिला वाटलं, मी अजूनही शब्द पाळते आहे.

नीलिमा, त्या क्षणापर्यंत मी फक्त दुःखात होते.

हे वाचणाऱ्यांना आपण दोघी माहीत नाहीत, म्हणून थोडं सांगते. आपली ओळख नेवार्कजवळच्या पिस्कॅटवेची. एकाच इमारतीत राहायचो, तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत भेटलो. तू औषध कंपनीत गुणवत्ता तपासायचीस. मी पुण्याच्या वर्तमानपत्रातली नोकरी सोडून नवऱ्यामागे आले होते आणि एका व्यापारी साप्ताहिकात लोकांच्या बातम्या दुरुस्त करत होते. पुढे कंपनीने तुला बेटावर पाठवलं, दोन वर्षांसाठी. दोन वर्षं संपली आणि तू परत आली नाहीस. फोनवर म्हणालीस, "इथे ये बापा एकदा. इथल्या जत्रा बघ. मग मला विचार, काहून राहून राहिली म्हणून."

मी आले, आणि मग दर उन्हाळ्यात येत राहिले. बेटावर प्रत्येक गावाचा एक संत आहे आणि प्रत्येक संताचा उत्सव. चौकात पाळणे लागतात, तळलेल्या माशाच्या पोळ्यांचा वास कपड्यांना बसतो, जुलैत मुलं केनेपाची फळं घोसानं विकतात आणि रस्ताभर त्यांच्या बिया होतात. एका गावात मुखवटे घालून लोकांना घाबरवतात, दुसऱ्यात मूर्ती खांद्यावर घेऊन डुलत चालतात. एक दिवस गाव सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेलेल्यांचा असतो. शिकागो नि ऑरलँडोहून आलेली माणसं त्या दिवशी चौकात उगाच मोठ्याने बोलतात. मी हे सगळं पुण्याच्या एका मासिकात लिहीत गेले. स्पॅनिश मला येत नव्हतं. जे ऐकलं ते तुझ्या तोंडून ऐकलं.

आपलं भांडण ठरलेलं असायचं. तू म्हणायचीस, लिही की, अगदी आपल्या जत्रेसारखं आहे. मी म्हणायचे, नाही, हे यांचं आहे आणि जसं आहे तसंच लिहीन. तू चिडायचीस. मी कुठल्याही गोष्टीवर कोण म्हणालं, कधी म्हणालं असं विचारलं की गाडी चालवता चालवता हात जोडायचीस. "तू ना, देवी समोर उभी राहिली तरी विचारशील, आणखी कोणी पाहिलं का." मग स्टिअरिंग धर, असं मला ओरडावं लागायचं. हे भांडण मिटलं नाही. ते मिटावं असं मला वाटतही नव्हतं.

तुझ्या गावातली देवी कोळ्यांची. चर्चमधली मोठी मूर्ती वेगळी. ही हातभर उंचीची लाकडी मूर्ती वर्षभर आजीच्या घरात राहते, तिच्या आधी तिच्या आईच्या घरात होती. उत्सवाच्या आदल्या दुपारी आतल्या खोलीत बायका तिला सजवतात. आजी बोलावेल त्याच बायका. तपकिरी झगा, वर पांढरा अंगरखा, केस, मुकुट. एकेक वस्तू चढवताना ती चढवणारी बाई वर्षभरात कुणालाच न सांगितलेलं काहीतरी देवीला सांगते. बाकीच्या ऐकतात. एवढं गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे लिहिते. कोण काय बोललं ते दाराबाहेर जात नाही.

तुला त्या खोलीत घेतलं होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात तू मलाही नेलंस. त्याआधी आजीच्या स्वयंपाकघरात परवानगी मागायला बसलो होतो. आजी पाच मिनिटं बोलली, तू दोन वाक्यांत सांगितलंस. मी विचारलं, इतकंच? तू म्हणालीस, "स्पॅनिश लांब असते गं. अर्धी तर माझी लेकरं, माझी बाई, यातच जाते."

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत बसले. आजीने मुकुट चढवताना जे सांगितलं ते तू माझ्या कानात मराठीत सांगितलंस. ते मी मासिकात लिहिलं. चार पानं. आजवर मी लिहिलेल्यात तेच चांगलं आहे असं संपादक म्हणाले आणि माझंही मत तेच होतं. तू अंक वाचून रडलीस, निदान फोनवर तसं वाटलं. या पावसाळ्यात पुण्याहून त्या लेखांचं पुस्तक निघणार होतं आणि ते प्रकरण पहिलं होतं.

दहनानंतर दोन दिवसांनी मी यारीला आजीच्या घरापुढच्या छपरीत गाठलं. या छपऱ्या तुला आवडायच्या. गाडी ठेवायला बांधलेल्या, पण गाडी रस्त्यावर आणि माणसं आत. मी तिला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की माझ्याकडे त्या स्वयंपाकघरातल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आहे, त्यात आजी नेमकं काय म्हणते ते शब्दाशब्दाने सांग. मी कोणाचंही बोलणं टाकत नाही. ही सवय धंद्याची आहे, संशयाची नव्हती.

यारीने एकदा ऐकलं, मग परत लावायला सांगितलं. शेजारचा जनरेटर चालू होता, म्हणून फोन कानाला धरून ऐकलं. मग तिने सांगितलं ते असं.

आजी म्हणते: तुझी ही मैत्रीण लिहिते. आत ऐकलेलं ना बोलण्यात जाईल, ना कागदावर, असा शब्द तिने मला स्वतः दिला पाहिजे. तिला विचार.

तू स्पॅनिशमध्ये म्हणतेस: तिने दिला. ती माझी बहीण आहे.

मग तुझं मराठी, जे मला यारीकडून समजून घ्यायची गरज नव्हती: "आजी म्हणते, ये खुशाल. फक्त आत मोबाइल नको."

मग माझा आवाज. मला येणाऱ्या मोजक्या शब्दांपैकी एक मी थेट आजीला म्हणते. ग्रासियास. आभारी आहे.

तू मला विचारलंच नाहीस. आजीने प्रश्न मला केला होता, तो तू मध्येच उचललास, उत्तर दिलंस आणि मला दुसराच निरोप दिलास. मी त्यावर आभार मानले आणि समोरच्या बाईने ते वचन समजून घेतलं. नंतर आजीचं बोलणं छापून आलं, तेव्हा तू ते वाचलंस. त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात आपण तिच्या घरी गेलो. तिने मला भाजलेला विलायती फणस वाढला. तू मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होतीस.

पुस्तकाचं मी तुला मागच्या हिवाळ्यात सांगितलं तेव्हा पहिलं प्रकरण कोणतं हेही सांगितलं. तू म्हणालीस, "इथे मराठी कोण वाचून राहिलं, यार." मी त्याला विनोद समजले. मीही हसले.

माझे वडील पुण्यात गेले तेव्हा माझी कागदपत्रं अडकली होती आणि मला जाता आलं नाही. तू बेटावरून उडून आलीस. दिवस पूर्ण होईपर्यंत पिस्कॅटवेच्या त्या दोन खोल्यांत राहिलीस. काही समजावलं नाहीस. भाकरी-पिठलं केलंस, चादरी बदलल्यास. पुण्याहून फोन यायचे. काका, आत्या, वर्तमानपत्रातले जुने लोक. ते सगळे तूच घेतलेस. "ती ठीक आहे. झोपली आहे. जेवली." मी समोर भिंतीकडे बघत बसलेली असायचे. झोपलेली नसायचे, जेवलेली नसायचे. तू माझ्या वतीने खोटं बोलत होतीस आणि मला आयुष्यात कुणाचा इतका आधार वाटला नव्हता. आत्या अजूनही म्हणते, तुझ्या त्या नागपूरच्या मैत्रिणीचा आवाज फार मायेचा होता.

हे मी विसरलेली नाही. पण त्या वेळी तू फोन उचलायच्या आधी माझ्याकडे बघायचीस, आणि मी मान हलवायचे.

का केलंस याचा मी विचार केला. कदाचित तुला ठाऊक होतं की अट कळली असती तर मी नकार दिला असता, पुढच्या गावाला गेले असते आणि तुला ती खोली दाखवायची होती. कदाचित तिथे ऐकलेलं तुला एकटीला पेलत नव्हतं आणि ते आपल्या भाषेत कुठेतरी असावं असं वाटलं असेल. कदाचित मी दर वर्षी येत राहावं यासाठी. तीनपैकी एकालाही आधार नाही. ज्याला विचारायचं ते माणूस सोमवारी गेलं.

अजून एक. त्या दुपारी खोलीत तूही बोलली होतीस. मूर्तीच्या अंगरख्याची नाडी बांधताना. स्पॅनिशमध्ये, खालच्या आवाजात, बराच वेळ. आजीने डोळे मिटले होते, एका बाईने तुझ्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी विचारलं, तू काय सांगितलंस? तू म्हणालीस, "काही नाही गं, ऑफिसचं." तू काय सांगितलंस ते त्या खोलीतल्या बायकांना माहीत आहे. त्यांच्यापैकी एकीनेही ते कुणाला सांगितलेलं नाही. मला माहीत नाही आणि आता कळणार नाही. आजीचं मात्र तू माझ्या कानात ओतलंस.

रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर मी त्याच छपरीतून पुण्याला फोन लावला. प्रकाशक म्हणाले, "अहो मॅडम, फर्मे छपाईला लागलेत. आणि तेच तर पुस्तकाचं मुख्य आहे." मी म्हटलं, काढा. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, परवानगी नव्हती. ते म्हणाले, तुम्ही तर तेव्हा म्हणाला होतात की आहे. मी म्हटलं, चुकीची माहिती होती. कोणाकडून, असं त्यांनी विचारलं. जुन्या बातमीदाराला हा प्रश्न दुसऱ्याने विचारलेला आवडत नाही. मी म्हटलं, ते राहू द्या. प्रकरण निघालं. मासिकाच्या संकेतस्थळावरून लेखही उतरवला. छापलेले अंक घराघरांत आहेत, ते परत येत नाहीत.

राहिलं आजीला सांगणं. यारीला आता मी सगळं सांगितलं होतं; तिचं मत नको असं होतं. तिचं म्हणणं साधं होतं: आजीचं वय झालंय, मराठी तिथे कोणी वाचत नाही, नीलिमाला गावाने आपलं मानलंय. तिला नुकतंच जाळलंय, आता परत कशाला. "तुम्ही बोललात तर तुमच्या मैत्रिणीचं काय राहील इथे?" ती म्हणाली.

तिच्या प्रश्नावर मी एक रात्र काढली. गप्प राहिले असते तर आजीच्या हिशेबी आपण दोघी शब्दाच्या पक्क्या राहिलो असतो. दोष मी माझ्या अंगावर घेतला असता तर तुझं नाव स्वच्छ राहिलं असतं. पण तसं करायचं तर मला त्या बाईसमोर दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागलं असतं, आणि या वेळी ते स्वतः. शिवाय मला राग होता. तोही कारणांत धरला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी छपरीत मूर्तीच्या अंगरख्याची लेस उसवून नवी लावत बसली होती. मी यारीला म्हटलं, मी म्हणेन ते जसंच्या तसं सांग, कमी नाही, जास्त नाही. मी सांगितलं: तुमचं बोलणं मी छापलं. चार वर्षांपूर्वी. माझ्या भाषेत. शब्द मागितला होता हे मला या आठवड्यात कळलं.

आजीची सुई थांबली नाही. तिने विचारलं, ती भाषा किती लोक बोलतात? यारीला ठाऊक नव्हतं, तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कोट्यवधी. यारीने ते सांगितलं. आजीने सुई खाली ठेवली.

मग तिने विचारलं, "तिला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

यारी माझ्याकडे वळली. मला इंग्रजीत म्हणाली, "नक्की सांगू? अजूनही मी म्हणू शकते की नव्हतं. तुम्हाला कळणारही नाही."

"सांग," मी म्हटलं. "ती म्हणाली की मी शब्द दिलाय. मला तिने विचारलं नव्हतं. छापून आलेलं तिने वाचलं होतं."

यारीने सांगितलं. वाक्यं मोजकी होती, या वेळी लांबी दोन्हीकडे सारखी वाटली. आजीने रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावरून पाळण्यांचे लोखंडी भाग घेऊन ट्रक चालला होता. मग तिने मला विचारलं, शब्द कुणाच्या नावाने दिला होता?

"माझ्या," मी म्हटलं.

"मग तू बाहेर बसशील," आजी म्हणाली. ते सांगताना यारीने माझ्याकडे पाहिलं नाही. आजीचा आवाज चढला नव्हता. तिने लेस परत हातात घेतली. थोड्या वेळाने ती अजून एक वाक्य बोलली: या छपरीत झालेलं बोलणं हवं तर लिही. दाराच्या आतलं नाही. मी म्हटलं, शब्द दिला. हे दोन शब्द मी त्याच सकाळी यारीकडून स्पॅनिशमध्ये पाठ करून घेतले होते. आजीने मान हलवली. तुझ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

तुझ्यावरचा राग उतरलेला नाही, नीलिमा. पिस्कॅटवेला परत येऊन हे लिहिते आहे, आणि काल पोळ्या लाटता लाटता मी तुझ्याशी मोठ्याने भांडले. माझा मुलगा स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, हू आर यू टॉकिंग टू?" मी म्हटलं, नीलूमावशीशी. तो म्हणाला, "ओके," आणि तिथेच उभा राहिला. तू त्याला पहिल्यांदा समुद्रात नेलं होतंस. त्याला हे सगळं सांगितलेलं नाही.

आता उरलेलं. उत्सवाच्या आदल्या दुपारी आजीच्या घरी बायका आल्या. तुझ्या जागी यारीला बोलावलं. आतल्या खोलीचं दार लागलं. मी छपरीत बसले. झडपांच्या खिडकीतून आवाज येत होते, शब्द येत नव्हते. आले असते तरी मला कळले नसते. दार उघडलं तेव्हा मूर्ती सजली होती आणि यारीचे डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार कोळ्यांनी मूर्ती खांद्यावर घेतली आणि डुलत धक्क्यापर्यंत नेली. पुढची नाव आजीच्या भाच्याची होती, पताका आणि नारळाच्या झावळ्यांनी बांधलेली. आजीला दोघांनी उचलून नावेत बसवलं. बाकीच्या नावा मागे निघाल्या. मी आणि यारी धक्क्यावर थांबलो. बंदराच्या तोंडाशी इंजिनं बंद केली. तिथे वर्षभरात गेलेल्यांची नावं घेऊन प्रत्येकासाठी एक फूल पाण्यात टाकतात. नावं कोणती घ्यायची ते मूर्ती ज्या घरात राहते त्या घरची बाई ठरवते. बोलायचा भोंगा आजीच्या हातात दिला. पाचवं नाव तुझं होतं.